आमचा अर्ज 'पावसाचं पाणी' म्हणून निकाली काढू नका

प्रति,
कृष्णाकाठच्या ओढ्यानाल्यांचा कारभार ज्यांच्या सहीने चालतो ते जिल्ह्यातले सर्व अधिकारी,
आणि ओढ्याच्या वरच्या अंगाचे कारखानदार, वाहतूकदार व शेतकरी बांधव

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आमच्या ग्रामपंचायतीत आपलं पत्र आलं. पहिल्या पावसात आमच्या ओढ्यातून घाण वाहून नदीत जाते, असा अर्ज आम्ही जूनमध्ये दिला होता, त्याचं ते उत्तर होतं. "पाहणीच्या दिवशी सदर ओढा कोरडा आढळला. पावसाळ्यात त्यातून पावसाचे पाणी वाहते. सबब तक्रारीत तथ्य आढळून येत नसल्याने अर्ज निकाली काढण्यात येत आहे," असं त्यात लिहिलं आहे. पाहणी झाली डिसेंबरात.

ओढा कोरडा होता हे खरं आहे, डिसेंबरात तो कोरडाच असतो. आमची तक्रार मृगाच्या पावसाची होती.

मी सांगलीच्या वरच्या अंगाला, नदीकाठच्या एका गावात राहते. घरची अडीच एकर जमीन आहे. दोन एकर ऊस आणि नदीलगत वीस गुंठे मळी. मळी म्हणजे पुराने आणून टाकलेल्या गाळाची जमीन. तिच्यातल्या वांग्याला फार खत लागत नाही, मातीच त्याला चव देते. माझ्या सासूबाईंनी त्या वीस गुंठ्यांच्या वांग्यांवर तीन मुलं शिकवली, डोक्यावर पाटी घेऊन बाजार केला. आता गावातल्या पोरांना 'मळी' म्हटलं की ही जमीन आठवत नाही, साखर कारखान्यात उसाच्या रसातून निघणारी मळी आठवते. याचं मला वाईट वाटतं.

२०१९ साली जलजीवन मिशन आलं. गावोगावच्या पाच बायकांना पाणी तपासायला शिकवायचं असं त्यात ठरलं, आणि आमच्या गावातल्या पाचजणींत मी आहे. आम्हाला एक पेटी मिळाली. तिच्यात छोट्या बाटल्या, थेंबाथेंबाने टाकायची औषधं आणि रंगाचे तक्ते असतात. पाण्यात औषध टाकायचं, थांबायचं, रंग तक्त्याशी लावून बघायचा. एरवी आम्ही शाळेचा नळ, अंगणवाडीचा नळ, हातपंप आणि नदीकाठची विहीर तपासतो. ही विहीर ओढा नदीला मिळतो तिथून दोनशे पावलांवर आहे आणि अर्धं गाव तिचं पाणी पितं.

गेल्या जूनमध्ये मृगाचा पहिला जोराचा पाऊस दुपारी चारच्या सुमारास आला आणि पाऊणएक तास कोसळला. ओढ्याला पाणी यायच्या आधी वास आला. मग पुढचा लोंढा दिसला. पाचट, प्लास्टिकच्या पिशव्या, फवारणीच्या औषधांचे रिकामे डबे आणि फेस. त्याच्यामागून चहाच्या चोथ्याच्या रंगाचं पाणी, आणि कडेला जिथे पाणी जरा थांबत होतं तिथे तेलाचा सप्तरंगी तवंग. मी पुलाखाली उतरून एक बाटली भरली. तासाभराने दुसरी भरली, दुसऱ्या दिवशी सकाळी तिसरी. तिन्ही बाटल्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर शेजारी शेजारी ठेवल्या. पहिल्या बाटलीमागे धरलेलं बोट दिसत नव्हतं. दुसरी मातकट होती. तिसरी साध्या पावसाळी ओढ्यासारखी गढूळ, पण तिला वास नव्हता.

गाळ खाली बसू दिला आणि वरचं निवळ पाणी घेऊन नायट्रेट तपासलं. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट चालतं. पहिल्या बाटलीचा गुलाबी रंग तक्त्यावरच्या शेवटच्या चौकोनापेक्षाही गडद आला. जंतू तपासायची बाटली दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काळी पडली. माझी पेटी म्हणजे प्रयोगशाळा नव्हे, हे आम्हाला शिकवतानाच सांगितलं होतं. पेटीने शंका दाखवायची आणि खात्री प्रयोगशाळेने करायची. म्हणूनच तर अर्ज केला होता. आपला माणूस त्या आठवड्यात आला असता तर खात्री झाली असती, कदाचित मी चुकले असंही निघालं असतं. तो सहा महिन्यांनी आला.

तिसऱ्या दिवशी ओढ्याच्या तोंडाशी मासे वर आले. मार्च २०२३ मध्ये सांगलीजवळ कृष्णेत मासे मेले तेव्हा पेपरात फोटो आले, पाण्याचे नमुने गेले, चर्चा झाली. जूनमध्ये मेले की म्हणतात, पहिल्या पावसात मासे मरतातच. आमच्या गल्लीतले नाना जन्मभर नदीवर जाळं टाकत आले. ते सांगतात की त्यांच्या तरुणपणी पहिल्या पावसाला मासे चढणीला लागायचे, पोरं बुट्ट्या घेऊन ओढ्यात उतरायची. म्हणजे पाऊस तोच, ओढा तोच. वेगळं झालंय ते पावसाच्या वाटेत पडलेलं सामान. मळीचं पाणी, शेण, कुजका पाला, साखरेचा अंश असलं काही पाण्यात गेलं की जंतू ते खायला लागतात आणि पाण्यातला प्राणवायू संपवतात. माशाला लिटरमागे निदान चार मिलिग्रॅम प्राणवायू लागतो. तो खाली गेला की मासा वर येऊन तोंड उघडतो आणि शेवटी पोट वर करतो. हे आठवीच्या विज्ञानातलं आहे. त्याला 'मरतातच' म्हणून सोडून देता येत नाही.

हे सामान येतं कुठून, ते बघायला मी आणि बचत गटातल्या दोघी पाऊस उघडल्यावर ओढ्याच्या तोंडापासून वर चालत गेलो. चालत गेल्यावर जे दिसतं ते जीपमधून दिसत नाही.

नदीपासून पहिला टप्पा आमच्याच शेतांचा. त्याबद्दल पुढे लिहिते, कारण ते टाळून मला बाकी काही म्हणायचा अधिकार नाही.

त्याच्यावर हायवेला जोडणारा रस्ता. तिथे गॅरेजं, टायरवाले आणि गाड्या धुवायची दोन सेंटरं आहेत. जळकं ऑइल बॅरलमध्ये साठवून विकतात हे खरं, पण बॅरलभोवतीची जमीन डांबरासारखी काळी झाली आहे. तिचा उतार रस्त्याच्या गटारीकडे आणि गटारीचा उतार ओढ्याकडे. धुलाईचं पाणी तर रोजच जातं, फक्त उन्हाळ्यात ते ओढ्यापर्यंत न पोचता वाटेत वाळतं. पाऊस आला की सहा महिन्यांचं वाळलेलं एकदम निघतं. आपण डिसेंबरात आलात तेव्हा हे सगळं तिथेच होतं, साहेब. वाळून पडलं होतं, म्हणून पाण्यात दिसलं नाही.

आणखी वर उसाचा अड्डा. गळीत हंगामात दिवसरात्र ट्रॅक्टर-ट्रॉल्या, ट्रक आणि बैलगाड्या उभ्या असतात. बैलांचं शेण, मूत, गाड्यांचं डिझेल, ग्रीस, चिरडलेला ऊस हे सगळं त्या एका मोकळ्या जागेवर जिरतं. हंगाम संपला की अड्डा ओस पडतो आणि तसाच पावसाच्या हवाली होतो. मी हिशेब केला. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. एकरात चार हजारांवर चौरस मीटर असतात. वळवाचा किंवा मृगाचा एक पाऊस वीस मिलिमीटर धरला तर एकराच्या टणक अड्ड्यावरून जवळजवळ ऐंशी हजार लिटर पाणी वाहतं. दहा हजार लिटरचे आठ टँकर. कुणी आठ टँकर घाण पाणी ओढ्यात सोडताना सापडला असता तर आपण गुन्हा दाखल केला असता. पावसाने सोडलं तर अर्ज निकाली निघतो.

कारखान्याच्या आवारात आम्हाला कुणी जाऊ दिलं नाही, तो त्यांचा हक्क आहे. पण कुंपणाबाहेरून राखेचे आणि मळीचे ढीग दिसतात, उघडे. आवारातली गटार कुंपणाखालून बाहेर येते आणि ओढ्याला मिळते, तीही दिसते. साखर कारखान्यांनी गाळलेल्या उसाच्या टनाला २०० लिटरपेक्षा जास्त सांडपाणी सोडायचं नाही असा २०१६ पासून नियम आहे. तो नियम पाइपातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा. उघड्या ढिगावरून पाऊस जे धुऊन नेतो ते त्या मोजमापात कुठे येतं, हे मला कुणी समजावून सांगावं. हा कारखाना आमचाच आहे, त्यात आमचे शेअर आहेत, आमची पोरं तिथे नोकरीला आहेत. तो बंद पडावा असं या गावात कुणालाही वाटत नाही. ढिगावर पत्रा पडावा असं मात्र वाटतं.

आता आमच्या शेतांचं. उसाच्या मोठ्या भरणीला, म्हणजे बुडख्याला माती लावताना, आम्ही युरिया टाकतो, आणि ती वेळ नेमकी मे-जूनची. ४५ किलोच्या एका गोणीत वीस किलोवर नत्र असतं. आभाळ भरून आलं की घाई होते, 'पावसाआधी टाकून घेऊ, पाणी द्यायचं वाचेल' असा विचार सगळेच करतात. मीही दोन वर्षांपूर्वी केला. त्या रात्री एवढा पाऊस झाला की सरीतलं पाणी बांध फोडून ओढ्यात गेलं आणि त्याच्याबरोबर माझी पाच गोणी खत. माझे पैसे गेले, आणि ज्या विहिरीचं पाणी मी तपासते तिच्यात नत्र गेलं. तणनाशक मारून पंप ओढ्यात धुणं, द्राक्षबागांतलं मोरचूद उतारावरून जाऊ देणं, रिकामे डबे बांधावर फेकणं, ओढ्याच्या काठापर्यंत नांगर नेणं, हे सगळं आमच्या हातून होतं. पूर्वी ओढ्याच्या दोन्ही कडांना पाच-सहा हात गवताची पट्टी असायची, म्हशी तिथे चरायच्या. जमिनीची वाटणी होत गेली तशी पट्टी उसाखाली गेली. वरून येणारा गाळ आणि खत त्या गवतात अडायचं, हे ती पट्टी गेल्यावर कळलं. आमच्यावर कुणी बोट ठेवलं तर मी वाद घालणार नाही. पण शेतकऱ्याचा युरिया पुढे करून अड्ड्याचं तेल झाकलं जाऊ नये, आणि कारखाना पुढे करून आमचा युरियाही झाकला जाऊ नये.

माझ्या तक्रारी आपल्याकडे आहेत त्या अशा.

आपण नमुना चुकीच्या वेळी घेता. या घाणीचा मोठा भाग पहिल्या दोन-तीन पावसांत, तेही पाऊस सुरू झाल्यावरच्या पहिल्या तासाभरात वाहून जातो. माझ्या ओट्यावरच्या तीन बाटल्यांनी तेच दाखवलं. ठरलेल्या तारखेला, कोरड्या दिवशी घेतलेला नमुना हा त्या तारखेचा असतो, ओढ्याचा नसतो.

दुसरी तक्रार कायद्याची आहे. 'पावसाचे पाणी' हा शब्द कायद्यातून सुटका देत नाही. १९७४ च्या जल प्रदूषण प्रतिबंध कायद्यात 'प्रवाह' या शब्दाची व्याख्या आहे आणि तिच्यात वाहता असो वा त्या वेळी कोरडा असो, प्रत्येक जलमार्ग येतो. म्हणजे आमचा ओढा डिसेंबरातही प्रवाहच होता. कलम २४ सांगतं की प्रदूषण करणारा पदार्थ कुणी जाणूनबुजून अशा प्रवाहात टाकायचा नाही आणि जाऊही द्यायचा नाही. 'जाऊ देणं' हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. उतार माहीत असताना उघडा ढीग ठेवणं म्हणजे जाऊ देणंच झालं. आणि हे न जमणारं आहे असंही नाही. औषधांचा कच्चा माल, कीटकनाशकं असं बनवणाऱ्या उद्योगांना केंद्राच्या पर्यावरण नियमांनी आधीच सांगून ठेवलं आहे की पावसाचं पाणी सांडपाण्यात किंवा फरशी धुतलेल्या पाण्यात मिसळू द्यायचं नाही, ते वेगळ्या गटारीने जाड प्लास्टिकचं अस्तर असलेल्या खड्ड्यातून न्यायचं, आणि त्या खड्ड्यात दहा मिनिटांचा पाऊस मावला पाहिजे. एका उद्योगाला खड्डा सांगता येतो तर अड्ड्याला, मालधक्क्याला, ट्रकच्या यार्डाला का नाही?

तिसरी तक्रार फिरवाफिरवीची. एका कार्यालयाने सांगितलं, ओढा आमच्या अखत्यारीत नाही. दुसऱ्याने सांगितलं, रस्त्याची गटार ज्यांची त्यांना विचारा. तिसरं म्हणालं, शेतातलं पाणी हा कृषीचा विषय. ग्रामपंचायतीकडे पैसे नाहीत. पाणी मात्र या सगळ्या हद्दी ओलांडून तासाभरात विहिरीशी येतं.

आणि एक गोष्ट मनाला लागते. पावसाळ्यात सांगलीच्या आयर्विन पुलाखालची कृष्णेची पातळी आपण फुटाफुटाने सांगता. चाळीस फुटांवर इशारा, पंचेचाळीसवर धोका, हे इथल्या शाळेतल्या मुलालाही पाठ आहे. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर आम्ही सोसले आहेत, त्या आकड्यांची किंमत आम्हाला माहीत आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये त्याच आकड्यांवरून आम्ही रात्री गुरं सोडून बाहेर पडलो. मग पाणी किती आलं हे जसं सांगता, तसं त्यात काय आलं हेही सांगा. सांगली-मिरज-कुपवाड हीच नदी पिते. आमच्यासारखी गावं तर गाळणी आणि तुरटीवर भागवतात.

आमच्या मागण्या साध्या आहेत.

निकाली काढलेला अर्ज पुन्हा उघडा. येत्या वळवाच्या आणि मृगाच्या पहिल्या तीन पावसांत, पाऊस सुरू झाल्यापासून तासाभराच्या आत ओढ्याच्या तीन ठिकाणी नमुने घ्या: कारखान्याच्या कुंपणाखाली, हायवेच्या मोरीत आणि ओढा नदीला मिळतो तिथे. माणूस वेळेवर पोचणार नसेल तर आम्हा पाचजणींना बंद बाटल्या, बर्फाची पेटी आणि रीतसर अधिकार द्या, आम्ही भरून ठेवतो. निकाल मराठीत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा, चांगला आला तरी लावा आणि वाईट आला तरी लावा.

कारखान्याचे मळी आणि राखेचे ढीग मे संपायच्या आत छपराखाली किंवा ताडपत्रीखाली गेले पाहिजेत, आणि त्यांच्या कडेला चर खोदून ते पाणी आवारातच अडलं पाहिजे. हंगाम संपल्यावर अड्डा खरवडून साफ करायची अट परवानगीतच घाला. अड्डा, ट्रकची यार्डं, गाड्या धुवायची सेंटरं, डिझेल पंप आणि रेल्वेचे मालधक्के यांच्या गटारीच्या तोंडाशी तेल आणि गाळ अडवणाऱ्या टाक्या सक्तीच्या करा. अशा टाकीत पाण्यावर तरंगणारं तेल मागे राहतं आणि खालून पाणी पुढे जातं. गावातला गवंडी बांधू शकेल इतकं ते साधं काम आहे. मालधक्क्यावर खताची रेक उतरल्यावर सांडलेलं खत झाडून गोळा करायला किती वेळ लागतो? आणि टाकी बांधून झाल्यावर ती वेळच्या वेळी उपसली जाते का, हे बघायला कुणाला तरी नेमा. न उपसलेली टाकी पहिल्या पावसात सगळं एकदम बाहेर टाकते.

शेतांसाठी दंड नको, मदत हवी. ओढ्याच्या दोन्ही काठांवर वाळा किंवा हत्तीगवताची पट्टी परत लावायला कृषी विभागाने रोपं द्यावीत आणि जितकी जमीन पट्टीखाली जाईल तिची भरपाई ठरवावी. भरणीचं खत दोन-तीन हप्त्यांत, पावसाचा अंदाज बघून टाकायचं हे चावडीवर येऊन सांगावं. फवारणीचे पंप धुवायला ओढ्यापासून लांब एक सिमेंटचा खड्डा करून द्यावा. आमच्या बचत गटातल्या अकराजणींनी आपापल्या बांधाला या वर्षी पट्टी सोडायचं ठरवलं आहे. मी माझ्या मळीच्या कडेला चार हात जागा सोडली आणि वाळ्याची रोपं लावून ठेवली आहेत. आम्ही आपल्या आदेशाची वाट बघत बसलेलो नाही.

या ओढ्याचं काम कोणत्या एका कार्यालयाचं, ते लेखी कळवा. फक्त एका अधिकाऱ्याचं पद आणि फोन नंबर द्या. ओढ्याला पाणी आलं की आम्ही त्यांनाच कळवू.

उत्तर २५ मेच्या आत मिळावं ही विनंती. त्या दिवशी रोहिणी लागते, वळीव त्याच्याही आधी येऊ शकतो. यायचं असेल तर हायवे सोडून गावात शिरल्यावर पहिल्या पुलापाशी गाडी उभी करा, डाव्या अंगाला खाली उतरायला पायऱ्या आहेत. पाऊस सुरू झाला की मी बाटल्या घेऊन तिथेच असते.

आपली,
गावच्या पाणी तपासणाऱ्या पाचजणींपैकी एक